मुळशीचा सत्याग्रह आणि आरोपीचे हक्क

मुळशी सत्याग्रहाचा (१९२१–२४) विचार मुख्यतः जमिनीचा आणि धरणाचा प्रश्न म्हणून होत आला आहे. परंतु ज्या मावळ्यांनी या लढ्यात भाग घेतला, त्यांचा राजसत्तेशी प्रत्यक्ष संबंध आला तो अटक, खटला आणि तुरुंग या तीन ठिकाणी. आरोपी म्हणून त्यांना कोणते हक्क होते आणि त्या हक्कांची मर्यादा कोठे होती, हे पाहिल्याशिवाय या लढ्याचे चित्र पुरे होत नाही.

मुळा व नीला या नद्यांच्या संगमाजवळ टाटा पॉवर कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधावयास घेतले. त्याच्या पाण्याखाली सुमारे पन्नास गावांची जमीन जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सुमारे बाराशे मावळ्यांनी धरणाच्या जागी जाऊन काम बंद पाडले. पांडुरंग महादेव तथा सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे या लढ्यातील प्रमुख कार्यकर्ते होते. काम काही महिने थांबले. पुढे ते पुन्हा सुरू झाले, आणि त्याबरोबर अटकांचे सत्रही सुरू झाले.

शेतकऱ्याचा जमिनीचा वाद फौजदारी न्यायालयात का गेला, याचे उत्तर १८९४ च्या भूसंपादन कायद्यात सापडते. मोबदल्याची रक्कम, मोजणी अथवा वाटणी यांविषयी तक्रार असल्यास दिवाणी न्यायालयाकडे जाण्याची सोय त्या कायद्यात होती. मात्र ‘जमीन मुळात घेऊच नका’ अशी हरकत नोंदविण्याचा हक्क जमीनधारकास नव्हता. हरकतीच्या सुनावणीचे ५-अ हे कलम १९२३ च्या दुरुस्तीने आले. मुळशीच्या शेतकऱ्यांस ते उशिराच झाले. ताबा एकदा सरकारकडे गेला की स्वतःच्याच शेतात पाय ठेवणे हे अतिक्रमण ठरू शके आणि तेथे एकत्र जमणे हा बेकायदा जमाव. अशा रीतीने दिवाणी कायद्याने ज्या प्रश्नाचे दार बंद केले, तोच प्रश्न दंडविधानाच्या दारी उभा राहिला.

तेथे मात्र आरोपी अगदीच निराधार नव्हता. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ६१ व्या कलमाप्रमाणे पोलिसांना विनावॉरंट पकडलेल्या इसमास चोवीस तासांहून अधिक काळ ठेवता येत नसे. त्यापुढील कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमान्वये आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नसे. ३४० व्या कलमाने वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क दिलेला होता. न्यायालयाने विचारलेल्या प्रश्नास उत्तर न दिल्याबद्दल शिक्षा होत नसे, मात्र त्या मौनावरून न्यायालय अनुमान काढू शके. यांतील उणिवाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. विनावॉरंट अटक करताना तिचे कारण सांगण्याचे स्पष्ट बंधन संहितेत नव्हते. वकील देण्याचा हक्क होता, पण वकिलाची फी देण्याची जबाबदारी सरकारवर नव्हती. सावकारी कर्जाने पिचलेल्या मावळ्याला अशा हक्काचा उपयोग किती, हे सांगावयास नको.

यात आणखी एक गुंतागुंत होती. १९२० च्या नागपूर काँग्रेसने मान्य केलेल्या असहकाराच्या कार्यक्रमात न्यायालयांवरील बहिष्कार अंतर्भूत होता. बचाव न करता शिक्षा स्वीकारणे ही सत्याग्रहीची शिस्त होती. मार्च १९२२ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात गांधींनी गुन्हा कबूल केला तो याच भूमिकेतून. परंतु हक्क जाणून सोडणे आणि हक्काची जाणीवच नसणे या दोन भिन्न गोष्टी होत. सुशिक्षित पुढाऱ्याचे मौन हा त्याग होता. निरक्षर शेतकऱ्याचे मौन प्रत्येक वेळी त्यागच होते असे गृहीत धरता येत नाही. न्यायालयाच्या दप्तरात मात्र दोहोंची नोंद सारखीच होते. १९२४ च्या अखेरीस बापटांनी आपल्या ‘शुद्ध सत्याग्रहा’च्या कल्पनेनुसार रेल्वेगाडी बळाने अडविली आणि त्याचे परिणामही पत्करले; १९३१ पर्यंत ते तुरुंगात होते. कायद्याचा अर्थ जाणून केलेली ती निवड होती.

शिक्षा झाल्यावर तर हक्कांची कक्षा फारच आकुंचित होई. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ४६ व्या कलमाने कैद्यास तीसपर्यंत फटके मारण्याची शिक्षा सुपरिंटेंडेंट स्वतःच्या अधिकारात देऊ शके. तेथे ना वकील, ना न्यायालय. नेमून दिलेले काम पुरे केले नाही म्हणून मुळशीच्या काही कैद्यांना येरवड्यात फटके मारण्यात आले. त्याच तुरुंगात असलेल्या गांधींनी याविषयी अधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार केला आणि पुढे तुरुंगातील अनुभव लिहिताना त्याची नोंद केली. खटल्याच्या वेळी थोडाफार बोलणारा कायदा तुरुंगाच्या दाराशी मुका होत होता.

या उणिवा भरून निघण्यास बराच काळ लागला. १९५० च्या राज्यघटनेच्या २२ व्या अनुच्छेदाने अटकेचे कारण कळण्याचा व आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क मूलभूत ठरविला. २० व्या अनुच्छेदाने आरोपीस स्वतःविरुद्ध साक्ष देण्याच्या सक्तीपासून संरक्षण दिले. विनामूल्य कायदेसाहाय्याचे तत्त्व १९७६ च्या घटनादुरुस्तीने ३९-अ या अनुच्छेदात आले. १९७८ च्या ‘होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या प्रकरणात पुन्हा येरवडाच पुढे आले. उच्च न्यायालयाने तुरुंगाकडे पाठविलेली निकालाची प्रत कैद्यापर्यंत नीट पोहोचली की नाही, यावर तेथे वाद होता. सर्वोच्च न्यायालयाने अर्जदाराची मागणी फेटाळली. परंतु निकालाची प्रत विनामूल्य मिळणे आणि अपिलासाठी गरजू कैद्यास सरकारी खर्चाने वकील मिळणे हे न्याय्य प्रक्रियेचे आवश्यक अंग होय, असे तत्त्व घालून दिले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली आहे. तिच्यातही वकिलामार्फत बचाव करण्याचा हक्क योगायोगाने ३४० व्या कलमातच आहे. कलमाचा क्रमांक १८९८ चा, आणि त्याच्या मागे आता घटनेचे व कायदेसाहाय्याचे बळ आहे. तरीही मुळशीच्या इतिहासातून निघणारा प्रश्न शिल्लक राहतोच. कलमातील हक्क आरोपीस ज्या क्षणी हवा असतो, त्या क्षणी तो त्याला त्याच्या भाषेत कोण सांगतो? ज्याला तो सांगितला गेला नाही, त्याच्या मौनाला संमती म्हणण्याचा अधिकार न्यायालयास नाही, आणि इतिहासकारासही नाही.