तोतयाची भाषा : दूरध्वनीवरील ‘तांत्रिक साहाय्या’चा इतिहास

पानिपतानंतर उद्भवलेल्या भाऊसाहेबांच्या तोतयास लोकांपुढे तोंड दाखवावे लागले होते. १७७६ साली त्यास देहदंड झाला. इंग्रजीभाषक देशांत सुमारे २००८ पासून दूरध्वनीवर वावरू लागलेल्या तोतयांना ही अडचण नव्हती. आपण मायक्रोसॉफ्टच्या तांत्रिक विभागातून बोलत असून आपल्या संगणकास विषाणूची बाधा झाली आहे, असे ते सांगत. यांतील बरेचसे आवाज भारतातील कॉल सेंटरांतून येत. ह्या प्रकरणाचे भाषिक अंग प्रस्तुत लेखकास विशेष बोधक वाटते.

विंडोज प्रणालीत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ नावाची नोंदवही असते. निरोगी यंत्राच्या नोंदवहीतही ‘एरर’, ‘वॉर्निंग’ असे शब्द पुष्कळ आढळतात. एखादा कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही, इतकाच त्यांचा अर्थ असू शकतो. तोतया ही नोंदवही मालकाकडूनच उघडवी व त्याच्याकडूनच वाचवून घेई. परिभाषेतील शब्द व्यवहारातील अर्थाने वाचला जाई आणि खोटे बोलण्याचे अर्धे काम शब्दच करीत. दुसरी युक्ती अधिक धीट होती. ‘असॉक’ ही आज्ञा टंकावयास लावून, ‘८८८डीसीए६०’ने आरंभ होणारा एक लांबलचक क्रमांक तोतया स्वतः वाचून दाखवी व हा केवळ आपल्याच यंत्राचा परवाना-क्रमांक आहे, असे सांगे. वस्तुतः तो क्रमांक सर्व विंडोज संगणकांवर एकच असतो. ज्योतिषाने ‘आपल्या हातास पाच बोटे आहेत’ असे सांगून त्रिकालज्ञान मिरवावे, तशातलाच हा प्रकार. पुढे यंत्राचा दूरस्थ ताबा आणि ‘दुरुस्ती’चे मोल.

२०११ साली मायक्रोसॉफ्टने चार देशांतील ७,००० संगणकधारकांची पाहणी केली. १५ टक्क्यांना असे दूरध्वनी आले होते. त्यांपैकी २२ टक्के फसले होते. त्यांस भोळे म्हणून मोकळे होणे आम्हांस युक्त वाटत नाही. त्यांनी जे वाचले ते त्यांच्याच पडद्यावर होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा प्रकरणांत कारवाई केली. त्यांत ४९ ते ४५० डॉलर आकारले गेले होते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथे घातलेल्या छाप्यांचे प्रकरण पुष्कळदा ह्याच सदरात घातले जाते, ते बरोबर नाही. तेथील तोतये अमेरिकेचे करअधिकारी बनत. त्यांची भाषा धमकीची, तर येथली सेवेची. अलीकडची ‘डिजिटल अटक’ त्या पहिल्या घराण्यातील आहे.

तांत्रिक तोतयाच्या पद्धतीत पुढे एक पालट झाला. संगणकाच्या पडद्यावर इशारा झळकवून त्याखाली दूरध्वनी-क्रमांक दिला जाऊ लागला आणि घाबरलेला मालक स्वतःच तो फिरवू लागला. त्यामुळे ‘मी अमुक कंपनीतून बोलतो’ हे सर्वांत संशयास्पद वाक्य तोतयास आपणहून उच्चारण्याचे कारण उरले नाही. ते पडद्यावर आधीच छापलेले असे.