तिकीट नंबरचे वारस

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली मुंबईतील पहिली कापडगिरणी स्थापन केली. १८५६ साली ताडदेवला तिची यंत्रे फिरू लागली. या इतिहासात मालकांची नावे ठळक आहेत. कामगारांचा इतिहास मात्र नात्यागोत्यांतच शोधावा लागतो.

गिरणीत माणूस सहसा एकटा शिरत नसे. भरती खात्यातील जॉबर करी, आणि तो आपल्या गावचा, भावकीतला माणूस आधी घेई. रत्नागिरी-साताऱ्याहून आलेला तरुण कुणा चुलत्याच्या खोलीत वळकटी टाके, खानावळीत जेवे आणि दरवाजाशी बदली म्हणून उभा राही. कुणी गैरहजर राहिला, तरच त्या दिवसाची रोजी! ही नाती केवळ मायेची होती असे मात्र समजू नये. जॉबरची दस्तुरी चुकवून कामावर टिकणे कठीण असे. १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली, ती जॉबरची ही सत्ता आवरण्यासाठीच. तरीही बापामागे मुलगा त्याच खात्यात, ही रीत बरीच वर्षे टिकली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. पुढे गिरण्या एकेक करून मिटल्या. १९९१ च्या नियमावलीने त्यांच्या जमिनीचे तीन वाटे केले होते: पालिकेला, म्हाडाला आणि मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने हा हिशेब मोकळ्या जमिनीपुरताच उरला, आणि ज्या जमिनीवर शेड उभ्या होत्या ती वाटणीतून निसटली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

घरासाठी पात्र कोण? १ जानेवारी १९८२ रोजी वा त्यानंतर पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस. २०१२ साली पहिली मोठी सोडत निघाली. अर्जदार मात्र लाखाहून अधिक. ज्या नात्यावर पूर्वी काम मिळे, तेच नाते आता कागदाने सिद्ध करावयाचे: तिकीट नंबर, लाल पास, हजेरीपत्र, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक. बाप आयुष्यभर बदलीच राहिला असेल, तर मुलाने हजेरी कोठून आणावी?

टाटा, पोदार, दिग्विजय आणि इंदू मिल नंबर पाच या उरलेल्या सरकारी गिरण्या मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत.