अधोजत्रुक रोहिणी संकोच
अधोजत्रुक रोहिणी संकोच : हाताला रक्तपुरवठा करणारी मुख्य रोहिणी जत्रुकाच्या (मान व खांदा यांमधील आडव्या हाडाच्या) खालून जाते, म्हणून तिला अधोजत्रुक रोहिणी म्हणतात. डावी रोहिणी महारोहिणीच्या कमानीतून सरळ निघते. उजवी मात्र अनामिका रोहिणीची शाखा असते. संकोच डाव्या बाजूस कितीतरी अधिक वेळा आढळतो. उतारवयात बहुधा रोहिणी विलेपी विकार (भित्तीत मेदयुक्त थर साचणे) हे त्याचे कारण असते. तंबाखू, मधुमेह व वाढलेला रक्तदाब त्यास हातभार लावतात. तरुण स्त्रियांत मात्र महारोहिणी व तिच्या शाखांचा शोथ (दाहयुक्त सूज) हे कारण प्रथम विचारात घ्यावे लागते.

हाताची नाडी नाहीशी झाल्याची उदाहरणे जुनी आहेत. इटालियन शारीरविज्ञ मोर्गान्ये यांच्या १७६१ च्या ग्रंथात तसे वर्णन आहे. लंडनचे विल्यम सेव्हरी यांनी १८५६ मध्ये दोन्ही हातांच्या व मानेच्या डाव्या बाजूच्या रोहिण्या बुजलेल्या एका तरुण स्त्रीची हकिकत प्रसिद्ध केली. जपानमधील नेत्रवैद्य ताकायासू यांनी १९०८ मध्ये एका तरुणीच्या जालपटलातील (डोळ्याच्या प्रकाशग्राही पडद्यातील) रक्तवाहिन्यांची विचित्र जुळणी वर्णिली. तिच्या नाडीचा त्यांनी विचार केला नव्हता. त्याच सभेत ओनिशी व कागोशिमा यांनी अशाच रुग्णांत मनगटाची नाडी लागत नसल्याचे सांगितले. पुढे शिमिझू व सानो यांच्या १९५१ च्या लेखामुळे ‘नाडीविहीन रोग’ हे नाव रूढ झाले.

हे सर्व हाताचे दुखणे मानले जाई. त्याचा मेंदूशी असलेला संबंध मात्र बराच काळ ओळखला गेला नाही. वस्तुतः त्याची सूचना १८६४ मध्येच मिळाली होती. न्यू ऑर्लीअन्स येथे अँड्रू स्मिथ या शस्त्रक्रियातज्ञांनी उजव्या अधोजत्रुक रोहिणीच्या विस्फारासाठी अनामिका व ग्रीवा या दोन्ही रोहिण्या बांधल्या, तरी रक्तस्राव पुनःपुन्हा होत राहिला. अखेर कशेरुक रोहिणी बांधल्यावर तो थांबला व रुग्ण वाचला. याचा अर्थ, रक्त वरून, मेंदूच्या बाजूने, उलट येत होते. कशेरुक रोहिणी ही अधोजत्रुक रोहिणीचीच शाखा असून दोन्ही बाजूंच्या कशेरुक रोहिण्या कवटीत एकत्र येतात. संकोच कशेरुक रोहिणीच्या उगमापूर्वी असल्यास त्यापलीकडील दाब घटतो. मग निरोगी बाजूने वर गेलेले रक्त मेंदूकडे न जाता रोगट बाजूच्या कशेरुक रोहिणीतून खाली हाताकडे वळते. हाताने काम केल्यास स्नायूंतील वाहिन्या रुंदावतात व हा ओघ वाढतो. अशा वेळी घेरी, अंधारी, दुहेरी दिसणे वा मूर्च्छा ही लक्षणे होतात. इटलीतील काँतोर्नी यांनी १९६० मध्ये हा उलटा प्रवाह क्ष-किरण वाहिनीचित्रणाने दाखविला. अमेरिकेत राइव्हिच व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये लक्षणांसह दोन रुग्णांचे वर्णन केले आणि त्याच वर्षी मिलर फिशर यांनी या स्थितीस ‘चोरी’ची उपमा दिली. नाव आकर्षक असले, तरी थोडे दिशाभूल करणारे आहे. पुष्कळ रुग्णांत प्रवाह उलटा असूनही काहीच त्रास नसतो व केवळ त्यामुळे पक्षाघात होणे विरळाच.

निदानाचे मूळ साधन साधे आहे. दोन्ही दंडांवर रक्तदाब मोजावा. प्रकुंचनी (वरच्या) दाबात पाऱ्याच्या १५ मिमी. किंवा अधिक फरक असल्यास संशय घ्यावा. दुबळी वा उशिरा लागणारी नाडी आणि जत्रुकाच्या वर ऐकू येणारा मर्मर ध्वनी यांमुळे संशय बळावतो. पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहण्याची वैद्यांची परंपरागत रीत होती. आज रबरी पट्टा घेऊनही एकाच दंडावर समाधान मानणे ही तीच उणीव होय. तिची किंमत कधीकधी मोठी असते. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रफुल्लकुमार सेन, किणरे, केळकर व परुळकर यांनी १०१ रुग्णांच्या अभ्यासावरून १९७३ मध्ये महारोहिणी-शोथावर प्रबंधग्रंथ प्रसिद्ध केला. जपानी रुग्णांत महारोहिणीच्या कमानीच्या शाखा प्रामुख्याने बाधित होतात, तर भारतीय रुग्णांत उदरातील महारोहिणी व वृक्क (मूत्रपिंड) रोहिण्याही वारंवार बाधित होतात. वृक्क रोहिणी अरुंद झाल्याने रक्तदाब वाढतो. त्याच वेळी दोन्ही अधोजत्रुक रोहिण्या अरुंद असल्या, तर दंडावरील आकडा फसवा, कमी येतो. हृदय मात्र थकत जाते. अशा वेळी मांडीवरही दाब मोजावा. तेथील रोहिणीही बाधित असल्यास नलिकेद्वारे महारोहिणीतील दाब प्रत्यक्ष मोजावा लागतो. प्रवाहाची दिशा श्राव्यातीत ध्वनीच्या डॉप्लर तपासणीने कळते. संकोचाचे स्थान संगणकीय छेदचित्रण वा चुंबकीय अनुस्पंदन चित्रणाने निश्चित होते.

त्रास नसलेल्या विलेपी विकारात तंबाखू सोडणे, मेद घटविणारी औषधे व ॲस्पिरीन एवढ्यावर भागते. १९६० नंतरच्या दशकात शस्त्रक्रियांचा उत्साह फार होता. प्रारंभी छाती उघडून अडथळा काढीत, पुढे मानेतूनच ग्रीवा रोहिणीला अधोजत्रुक रोहिणी जोडणे (पॅरट, १९६४) किंवा दोहोंमध्ये कृत्रिम नलिका बसविणे हे उपाय आले. फुग्याने रोहिणी रुंद करण्याचा उपाय १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. आता त्यासोबत बहुधा धातूची जाळी बसवितात. हृद्-रोहिणी शस्त्रक्रियेत छातीतील डाव्या अंतःस्तन रोहिणीचा उपयोग होऊ लागल्यावर या विकारास नवे महत्त्व आले. कारण तीही याच रोहिणीची शाखा असल्याने संकोच राहून गेल्यास हात हृदयाचेच रक्त ओढून घेऊ शकतो. म्हणून त्या शस्त्रक्रियेपूर्वी दोन्ही हातांचा दाब पाहणे अगत्याचे ठरते. शोथजन्य संकोचात मात्र प्रथम स्टेरॉइड व तत्सम औषधांनी शोथ शमवावा लागतो. तो सक्रिय असताना रुंद केलेली रोहिणी पुन्हा लवकर अरुंद होते.