नीरा नदी

नीरा : भीमेची उजव्या तीराची एक प्रमुख उपनदी. पुणे जिल्ह्याच्या भोर तालुक्यात, सह्याद्रीच्या अतिवृष्टीच्या अरण्यमय रांगेत, शिरगावच्या परिसरात ती उगम पावते. तेथून पूर्वेस व आग्नेयीस वाहताना ती पुणे जिल्ह्याची प्रथम साताऱ्याशी व नंतर सोलापूरशी सरहद्द होते आणि इंदापूर तालुक्याच्या आग्नेय टोकास नीरा-नरसिंहपूर येथे भीमेस मिळते (→ भीमा नदी). वेळवंडी, गुंजवणी व कऱ्हा या तिच्या उपनद्या डाव्या तीराने येतात. पैकी कऱ्हा सासवड, मोरगाव व बारामतीवरून वाहत सोनगावजवळ नीरेस मिळते.

उगमाकडे मुबलक पाऊस, तर बारामती-इंदापूरचा मुलूख पर्जन्यछायेतील व वारंवार अवर्षणग्रस्त. या विषमतेतच नीरेच्या पाटबंधाऱ्यांचे प्रयोजन आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या डाव्या कालव्यामुळे, आणि वेळवंडीवरील भाटघर धरणाची (१९२८) जोड मिळाल्यावर विशेषत्वाने, येथील जिरायती जमीन बागायती होऊन ऊसशेती रुजली व वालचंदनगर, माळेगाव इ. ठिकाणी साखर कारखाने उभे राहिले (→ साखर उद्योग). मात्र अतिसिंचनाने काळ्या जमिनी पाणथळ व क्षारयुक्त होऊ लागल्या, हा या समृद्धीचा उपेक्षिता न येणारा भाग होय. पाण्याच्या नियमित वाटपासाठी मो. विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी याच कालव्यावर गटपद्धती अमलात आणली (→ जलसिंचन). संगमावरील लक्ष्मी-नृसिंहाचे मंदिर प्रसिद्ध तीर्थस्थान आहे.