वृक्क कर्करोग : प्रवर्तक व रोधक द्रव्ये
वृक्काच्या (मूत्रपिंडाच्या) कर्करोगाची वाढ घडविणारी किंवा थोपविणारी रासायनिक व जैव द्रव्ये. पावाच्या पिठात वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट पिण्याच्या पाण्यातून दिल्यास प्रयोगशाळेतील घुशीच्या जातीच्या उंदरांना वृक्क-अर्बुदे होतात, हे जपानी संशोधकांनी १९८० नंतरच्या दशकात दाखविले [→ कर्करोगकारके]; भारतात पावातील त्याच्या वापरावर २०१६ मध्ये बंदी आली.

रोधकांच्या शोधाची दिशा १९९३ मध्ये व्हीएचएल हे वृक्कातील अर्बुदे रोखणारे जनुक सापडल्यावर बदलली. हे जनुक निकामी झाल्यास एचआयएफ-२ अल्फा प्रथिन नष्ट होत नाही, साचत जाते. ऑक्सिजन पुरेसा असूनही कोशिका तुटवडा असल्यासारखी वागते आणि रक्तवाहिन्या वाढविणारे घटक स्रवते [→ जनुक]. ‘७८६-ओ’ या मानवी वृक्क-कर्करोगाच्या कोशिका-वाणात निरोगी व्हीएचएल जनुक पुन्हा घातले, तेव्हा संवर्धन-ताटलीतील कोशिकांची वाढ जवळपास तशीच राहिली. प्रतिकारक्षमता नसलेल्या उंदरांत मात्र अर्बुदनिर्मिती रोखली गेली (१९९५). केवळ ताटलीवरून काढलेला निष्कर्ष येथे फसवा ठरला असता.

साचणाऱ्या एचआयएफ-२ अल्फा प्रथिनातील पोकळीत बसून त्याला रोखणारे रेणू टेक्सस विद्यापीठाच्या डॅलसमधील वैद्यकीय केंद्रात शोधले गेले. त्यातून विकसित झालेल्या बेल्झुटिफानला अमेरिकेत २०२१ मध्ये व्हीएचएल जनुकाच्या दोषाने होणाऱ्या व्हीएचएल विकारासाठी, तर २०२३ मध्ये प्रगत वृक्क कर्करोगासाठी मान्यता मिळाली [→ औषधिक्रियाविज्ञान].