निर्धूर चूल : निवड आणि वापर

धूर म्हणजे पुरते न जळालेले इंधन. तो डोळ्यांना आणि फुप्फुसांना अपाय करतोच, शिवाय तेवढे लाकूडही वाया जाते. म्हणून घरात चूल बांधून घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : लाकडांना खालून हवा मिळेल अशी जाळी, भांड्याच्या बुडाला साजेसे तोंड आणि आढ्याहून उंच धुराडे. तयार चूल घ्यायची असल्यास तिच्यावर आयएस १३१५२ हा भारतीय मानक क्रमांक आहे का, ते तपासावे. ती बिनधुराड्याची असेल तर उघड्या पडवीतच पेटवावी.

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मे पाणी असू शकते आणि ते आटवण्यातच बरीच उष्णता खर्ची पडते. यास्तव लाकडे फोडून, उन्हाळ्यातच वाळवून, पावसाळ्यासाठी जमिनीपासून उंच रचावीत. चूल कोंबून भरू नये. बारीक लाकडे थोडीथोडी सारावीत. धुराड्यातील काजळी वेळोवेळी काढावी. प्लास्टिक किंवा रंगवलेले लाकूड जाळू नये.

धूर ओसरला म्हणजे धोका टळला, असे नव्हे. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वासही नसतो. बंद न्हाणीघरात वा निजण्याच्या खोलीत धगधगते निखारे ठेवणे जिवावर बेतू शकते.