चौथ्या गटातलं गाव

आधी बार्शीला उतरा. साल १९८७. एसटी स्टँडवर नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाचा पत्ता विचारलात तर माणसं वाट सांगतील, पण आवाज खाली आणून. या आजाराचं नाव घरात काढायचं नाही, असा हा काळ आहे. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांच्या ३४६ गावांत या वर्षी देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू होते आहे.

मुंबईत अशी नोंदणी करताना रुग्णालयांचे कागद आणि प्रयोगशाळांचे अहवाल हाताशी असतात. इथं कसले अहवाल? अंगावरून जाता जाता बाई खंगते, आतल्या खोलीत पडून राहते आणि एक दिवस जाते. कशानं गेली, हे कुठल्याच कागदावर येत नाही. म्हणून नोंदणीचा कार्यकर्ता स्वतः गावात येतो. तुम्ही त्याच्याबरोबर आहात. तो कोतवालाला भेटतो, सरपंचाच्या ओसरीवर टेकतो, दाईला गाठतो आणि सगळीकडे तेच विचारतो. पाळी जाऊन वर्षं झाली आणि पुन्हा लाल दिसलं, असं कुणी आहे का? तोंडातली जखम महिनोन् महिने भरत नाही, असं कुणी? संशय आला की त्या माणसाला बार्शीला आणायचं, तपासायचं, निदान झालं की नोंद करायची.

या कामातून एक गोष्ट कुणी ठरवलेली नसताना घडली. गावोगाव या रोगाबद्दल बोलणं सुरू झालं आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागल्या. डॉ. के. जयंत, डॉ. भगवान नेने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नव्वदीच्या दशकात आकड्यांनिशी मांडलं. नुसत्या बोलण्यानं इतका फरक पडत असेल, तर कसलाही त्रास नसलेल्या बायकांना तपासलं तर काय होईल? आणि त्याहून अवघड प्रश्न असा, की कशानं तपासायचं?

आता ऑक्टोबर १९९९. किल्लारीच्या भूकंपाला सहा वर्षं झाली आहेत. उमरगा-लोहाऱ्याकडे अजून पुनर्वसनाच्या नव्या वसाहती नव्याच दिसतात. तुमच्यापुढे उस्मानाबाद जिल्ह्याचा नकाशा पसरलेला आहे. भोवती बार्शीची माणसं, मुंबईच्या टाटा मेमोरियलची माणसं आणि फ्रान्समधल्या लियोंच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे डॉ. रेंगास्वामी शंकरनारायणन.

तपासणीचे तीन मार्ग आहेत. पहिला पॅप स्मिअर. गर्भाशयमुखावरच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. श्रीमंत देशांत अनेक दशकं हीच पद्धत आहे, पण तिला पट्टी वाचणारी तयार नजर लागते. दुसरा मार्ग स्वस्त. गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल, लावायचं आणि मिनिटभरानं पांढरा डाग उठतो का ते उघड्या डोळ्यांनी पाहायचं. तिसरा मार्ग विषाणू शोधण्याचा. हाराल्ड त्सुर हाउसेन यांनी १९८३ मध्ये या कर्करोगाच्या पेशींत एचपीव्ही १६ हा विषाणू दाखवला होता. पुढे २००८ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळेल. त्या विषाणूचा डीएनए नमुन्यात आहे की नाही, हे यंत्र सांगतं. पण यंत्र महाग आहे.

तिन्हींच्या बाजूनं बोलणारे डॉक्टर आहेत आणि प्रत्येकाला स्वतःचा अनुभव आहे. पण तपासणीच्या बाबतीत अनुभव हमखास चकवतो. जी बाई तपासून बरी झाली ती डॉक्टरला आठवते. जिच्यातला दोष तसाही आपोआप विरला असता, ती त्याच बऱ्या झालेल्यांत मोजली जाते. खरं काय ते कळायला एकच वाट आहे. सारख्याच बायकांचे गट करायचे, कुठल्या गटाला काय मिळेल ते नशिबावर सोडायचं आणि मग वर्षानुवर्षं मृत्यू मोजायचे.

तर गावांचे ५२ गट पडतात. प्रत्येकी १३ गट पॅपला, आम्लाच्या तपासणीला आणि एचपीव्हीला. उरलेल्या १३ गटांत तपासणी नाही. तिथं आजाराची माहिती सांगायची आणि नेहमीचे उपचार जसे मिळतात तसे मिळू द्यायचे. बायका ३० ते ५९ वयाच्या, एकूण १,३१,७४६.

एचपीव्हीच्या गटातल्या एका गावात चला. शाळेच्या एका खोलीत पडदा लावून तपासणीची जागा केली आहे. बाहेर व्हरांड्यात दहा-बारा जणी बसल्या आहेत, पदर डोक्यावर, एकीच्या मांडीवर नातू. घरोघर निरोप गेला होता, तरी सकाळी फारसं कुणी आलं नाही, कारण रानात खुरपणी चालली आहे. आरोग्यसेविका पुन्हा एका उंबऱ्यावर जाते. तुम्ही तिच्या मागे.

"मला काय बी दुखत न्हाई, बाई. कशाला तपासायचं?"

"दुखत नाही तवरच तपासायचं असतं, मावशी."

"आन् मालकाला काय सांगू?"

नवऱ्याशीही बोलावं लागतं. सासूशी आधी बोलावं लागतं. कुणीतरी विचारतं, हे कुटुंब नियोजनाचं तर नाही ना? आणीबाणीनंतर वीसेक वर्षं उलटली तरी सरकारी तपासणी म्हटलं की हा प्रश्न गावात येतोच. आरोग्यसेविका चिडत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून सांगते. शेवटी मावशी येते. आत गेल्यावर दोन-तीन मिनिटांचं काम. एक लहानसा ब्रश, एक नळी, नळीवर क्रमांक. संध्याकाळी नळ्या बार्शीच्या प्रयोगशाळेकडे निघतात. ज्यांच्यात विषाणू सापडेल त्यांची दुर्बिणीतून पुढची तपासणी होईल. कर्करोगापूर्वीचा बदल दिसला तर तो भाग गोठवून किंवा कापून काढतील. पिशवी काढावी लागणार नाही, हे आरोग्यसेविका दर वेळी मुद्दाम सांगते, कारण भीती तिथंच असते.

बोलावलेल्या पाचांतल्या चौघी आल्या. ऊसतोडीला गेलेली बाई परतल्यावर तिला पुन्हा गाठायचं, माहेरी गेलेलीची वाट पाहायची, दार लावून घेणारीकडे आणखी एकदा जायचं, हे सगळं करून चौघी. मला या प्रयोगातलं सगळ्यांत मोठं काम हेच वाटतं. शोधनिबंधात त्याला एक ओळ मिळते.

आता तपासणी नसलेल्या चौथ्या गटातल्या गावात या. दिसायला फरक काहीच नाही. तीच काळी जमीन, तीच ज्वारी, त्याच वयाच्या बायका. इथं पडदा नाही, ब्रश नाही. तुम्हाला पुढचं माहीत आहे आणि त्यांना नाही. पारावर, हापशाशी, पिठाच्या गिरणीत तुम्ही त्यांच्यामधून फिरता. यांतल्या एखादीच्या गर्भाशयमुखावर आत्ता या घडीला काढून टाकता येईल असा बदल असेल. इथं थोडं थांबा. घाईनं पुढे जाऊ नका.

या गटावरून पुढे मोठा वाद झाला. परदेशातल्या टीकाकारांनी विचारलं की, तपासणीनं जीव वाचतात हे ठाऊक असताना हजारो बायकांना तिच्याविना का ठेवलं? संशोधकांचं उत्तर होतं की, या भागात कुणालाच तपासणी मिळत नव्हती आणि इथल्या परिस्थितीत कुठली पद्धत चालेल याचा पुरावा कुणाकडेच नव्हता. मी दोन्ही बाजू वाचल्या आहेत. या गटाशिवाय उत्तर मिळालं नसतं, हे मला पटतं. पण ज्यांच्या मरणातून ते उत्तर मिळालं त्यांचं देणं आपल्यावर चढलं, हेही तितकंच खरं आहे. ते देणं फेडण्याचा एकच मार्ग होता. उत्तर मिळताच ते त्यांच्या लेकीसुनांपर्यंत पोचवायचं.

एप्रिल २००९. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चा अंक तुमच्या हातात आहे. आठ वर्षांचा पाठपुरावा संपला आहे. पहिला आकडा वाचून तुम्ही गोंधळता. एचपीव्ही गटात ३४,१२६ बायका होत्या, त्यांत १२७ जणींना कर्करोग निघाला. तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ बायका होत्या, त्यांत ११८ जणींना. दर १० हजारांमागे दोन्हीकडे साधारण ३७. मग या खटाटोपाचं फळ काय?

खालची ओळ वाचा. पुढच्या टप्प्यात गेलेले कर्करोग एका बाजूला ३९ आणि दुसरीकडे ८२. मृत्यू ३४ आणि ६४. दर १० हजारांमागे १० विरुद्ध २०. आणि या ३४ मध्ये दार लावून घेतलेल्या, तपासणीला न आलेल्या बायकाही मोजलेल्या आहेत. नुसते सापडलेले रुग्ण मोजणाऱ्याला इथं काहीच दिसलं नसतं. म्हणून तपासणीचा हिशेब मृत्यूंनी करायचा. कुठल्याही रुग्णालयाची 'संपूर्ण तपासणी' योजना किती रोग सापडले ते सांगत असेल आणि किती जीव वाचले याबद्दल गप्प असेल, तर तिच्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

पॅप आणि आम्लाच्या तपासणीच्या गटांत मृत्यूंमध्ये ठामपणे म्हणता येईल अशी घट दिसली नाही. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. तामिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात त्याच आम्लाच्या तपासणीनं मृत्यू ३५ टक्क्यांनी कमी झाल्याचं २००७ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. मुंबईच्या झोपडवस्त्यांत डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या गटानं दीड लाख बायकांचा अभ्यास केला. तिथं दहावीपर्यंत शिकलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या दर दोन वर्षांनी तपासायच्या. तिथं घट ३१ टक्के. एकच आम्ल, पण तपासणारे हात वेगळे, फेऱ्या वेगळ्या, निकाल वेगळा. उघड्या डोळ्यांची तपासणी डोळ्यांच्या तयारीवर चालते. विषाणूची चाचणी यंत्र वाचतं, म्हणून तिचा निकाल हातागणिक फारसा बदलत नाही.

मार्गदर्शक सूचना लिहिणाऱ्यांपुढे असेच पुरावे एकमेकांशेजारी ठेवलेले असतात. जुलै २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची सूचना तुम्ही उघडता. वयाच्या तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी, पहिली चाचणी एचपीव्ही डीएनएची. एचपीव्हीच्या या शिफारशीपुढे दोन गोष्टी वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. शिफारस ठाम, पुराव्याची खात्री मध्यम. काय करावं आणि आपल्याला किती नक्की ठाऊक आहे, हे असं वेगळं सांगणं मला वैद्यकशास्त्रातल्या प्रामाणिकपणाची कसोटी वाटते. शाळेच्या खोलीतल्या त्या पडद्याआडचं काम या पानापर्यंत पोचलं आहे.

आता परत आजच्या काळात. उस्मानाबादचं नाव धाराशिव झालं आहे. २०२० च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे ७७ हजार बायका या कर्करोगानं जातात. सरकारच्या २०१६ च्या आराखड्यात ३० ते ६५ वयाच्या बायकांना दर पाच वर्षांनी आम्लाची तपासणी आहे, एचपीव्हीची नाही. आणि तीही किती जणींपर्यंत पोचली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी आयुष्यात एकदा तरी ही तपासणी झालेल्या दोन टक्केही निघाल्या नाहीत. जागतिक उद्दिष्ट ७० टक्क्यांचं आहे. चौथ्या गटाचं देणं असं थकलेलं आहे.

तुमचं वय तिशीपुढे असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा तुमच्या डॉक्टरांकडे एचपीव्ही चाचणीची चौकशी करा. ती नसेल तर जी तपासणी आहे ती करून घ्या. घरात आई, बहीण, सून, कामाला येणाऱ्या मावशी असतील तर त्यांना बरोबर न्या. पुरुष वाचत असतील तर त्यांनी रानातलं किंवा कचेरीतलं एक दिवसाचं काम बाजूला ठेवून त्यांच्याबरोबर जावं. आणि निवडणुकीत दारात येणाऱ्याला विचारा, आमच्या तालुक्यात ही चाचणी कधी सुरू करताय?